फॉर्म भरला जातो, "धन्यवाद" दिसतं, पण क्लिनिकला मेल येत नाही: पुन्हा पुन्हा होणारा बिघाड कसा शोधायचा

डेंटल क्लिनिकच्या वेबसाइट सांभाळणाऱ्या कुणालाही विचारा, ही तक्रार त्याने ऐकलेली असतेच. पेशंट काउंटरवर येऊन म्हणतो, "मॅडम, मी रविवारी रात्री साइटवर फॉर्म भरला होता. कुणाचा फोनच आला नाही." रिसेप्शनवरची ताई मेल उघडते. इनबॉक्समध्ये काही नाही, स्पॅममध्ये काही नाही. मग साइट बनवणाऱ्याला फोन जातो. तो काहीतरी सेटिंग बदलतो, समोर एक चाचणी फॉर्म भरून दाखवतो, मेल येतो आणि विषय मिटतो. दोन-तीन महिन्यांनी दुसरा पेशंट तेच सांगत येतो.

हे "पुन्हा" का होतं, त्याबद्दल लिहितो आहे. बंद पडलेला फॉर्म एकदा चालू करणं अवघड नसतं. पण तो वारंवार बंद पडत असेल तर फॉर्मपासून इनबॉक्सपर्यंतचा सगळा रस्ता तपासावा लागतो. उदाहरणं वर्डप्रेस (साइट बनवायची प्रणाली) आणि काँटॅक्ट फॉर्म ७ या प्लगिनची (तिला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमची) देतो, कारण छोट्या क्लिनिकच्या साइटवर हीच जोडी मला सर्वाधिक दिसते. दुसरा प्लगिन असेल तर नावं बदलतील, रस्ता तोच राहील.

आधी हे कुणाला भोवतं ते बघा. दिवसा मोकळा असलेला माणूस सरळ फोन करतो. फॉर्म भरतो तो रात्री दाढ ठणकत असलेला, नोकरीमुळे क्लिनिकच्या वेळेत फोन करू न शकणारा, किंवा दुबई-अमेरिकेतून सुट्टीला घरी येताना इम्प्लांटचं काम उरकून घ्यायचं ठरवलेला. अमेरिकेत दिवस असतो तेव्हा इथलं क्लिनिक बहुधा बंद असतं. म्हणजे हरवलेला प्रत्येक फॉर्म अशा माणसाचा असतो ज्याच्याकडे तुमच्यापर्यंत पोचायचा दुसरा सोयीचा मार्ग नव्हता. आणि "धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क करू" हे आपल्या साइटने त्याला स्वतःहून सांगितलेलं असतं. तो वाट बघतो. म्हणून हा बिघाड मला साइट पूर्ण बंद पडण्यापेक्षा गंभीर वाटतो. साइट बंद दिसली तर पेशंट निदान दुसरीकडे फोन करतो.

पहिलं काम: नोंद साठते का ते बघा

मेल शोधायला लागण्याआधी एक प्रश्न. भरलेला फॉर्म साइटवर कुठे साठतो का? काँटॅक्ट फॉर्म ७ स्वतः काहीही साठवत नाही. फॉर्म भरला की तो मजकुराचा मेल बनवतो, पाठवायला देतो, आणि त्याच्यापुरतं काम संपतं. तो मेल वाटेत हरवला तर पेशंटचं नाव, नंबर, दुखणं, सगळं कायमचं गेलं. जगातला कुठलाही तंत्रज्ञ ते परत आणू शकत नाही.

यावर उपाय साधा आणि फुकट आहे. त्याच लेखकाचा फ्लेमिंगो नावाचा प्लगिन बसवा. त्यानंतर येणारा प्रत्येक फॉर्म वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये साठतो आणि डॅशबोर्डवर दिसतो, मेल पोचो न पोचो. जुने फॉर्म मात्र त्यात येणार नाहीत. मेल म्हणजे दारावरची घंटा आहे, ओपीडीचं रजिस्टर नव्हे. क्लिनिकमध्ये आलेला पेशंट आपण घंटेच्या भरवशावर सोडत नाही, रजिस्टरमध्ये नाव लिहितो. वेबसाइटवर आलेल्या पेशंटचंही तसंच व्हायला हवं. पुढचं सगळं नंतर केलंत तरी चालेल, हे मात्र आजच करा.

फ्लेमिंगो बसवल्यावर शोधही सोपा होतो. नोंद आहे आणि मेल नाही, म्हणजे बिघाड मेलच्या वाटेवर आहे. नोंदच नाही, म्हणजे फॉर्म साइटपर्यंत पोचलाच नाही. अर्धा शोध इथे संपतो.

चाचणी पेशंटसारखी करा

साइट बनवणारा स्वतःच्या ऑफिसातून, लॉगिन केलेल्या ब्राउझरमधून, स्वतःचा किंवा क्लिनिकचाच मेल पत्ता टाकून चाचणी करतो. पेशंट तसं करत नाही. म्हणून चाचणी मोबाइलवर करा. क्लिनिकचं वायफाय बंद ठेवा, खाजगी टॅब उघडा आणि गुगलवरून क्लिनिकचं नाव शोधून साइटवर या. एकदा जीमेलचा पत्ता टाकून फॉर्म भरा, एकदा याहूचा पत्ता टाकून. एकदा मराठी कीबोर्ड ठेवून नाव आणि नंबर दोन्ही मराठीत टाइप करा. एकदा नंबर फोनने आपोआप सुचवलेला भरा. प्रत्येक वेळी मजकुरात वेळ लिहा, म्हणजे कुठला पोचला आणि कुठला नाही हे नंतर जुळवता येईल.

बटण दाबल्यावर खाली येणाऱ्या संदेशाच्या चौकटीचा रंगही बघा. काँटॅक्ट फॉर्म ७ च्या मूळ रचनेत हिरवी चौकट म्हणजे पाठवलं, पिवळी म्हणजे भरण्यात काहीतरी चुकलं, नारिंगी म्हणजे फॉर्मला हा स्पॅम वाटला, लाल म्हणजे मेल सर्व्हरने घेतला नाही. थीमने रंग बदललेले असू शकतात, पण बहुतेक साइटवर ते तसेच असतात. नारिंगी आणि लाल या दोन्हींत पेशंटला साधारण सारखंच वाक्य दिसतं, त्यामुळे फोनवरून त्याला विचारून काही कळत नाही, रंग स्वतःच बघावा लागतो. वारंवार नारिंगी येत असेल तर रीकॅप्चाच्या (गुगलच्या स्पॅम ओळखणाऱ्या सेवेच्या) किल्ल्या तपासा. त्या ठरावीक डोमेनसाठी, म्हणजे साइटच्या ठरावीक नावासाठी, काढलेल्या असतात. साइटचं नाव बदललं, पण किल्ल्या जुन्याच राहिल्या, की खरा पेशंटही स्पॅम ठरतो.

हिरव्या चौकटीबद्दल एक सावधगिरी. तिचा अर्थ इतकाच, की वर्डप्रेसने तो मेल साइटच्या सर्व्हरवरच्या पाठवणाऱ्या प्रोग्रॅमच्या हवाली केला. तो पुढे गेला की नाही, हे वर्डप्रेसला माहीत नसतं. "आमच्याकडे तर यशस्वी दिसतंय" असं सांगणारा खोटं बोलत नसतो, पण तो वाटेच्या पहिल्या टप्प्याबद्दलच बोलत असतो.

काहींचे मेल येतात, काहींचे येत नाहीत

हे लक्षण असेल तर सर्वात आधी फॉर्मच्या मेल सेटिंगमधली "प्रेषक" ही ओळ उघडा. तिथे पेशंटचाच मेल पत्ता घातलेला असतो, असं मला वारंवार आढळतं. घालणाऱ्याचा हेतू चांगला असतो. ताईने "उत्तर द्या" दाबलं की मेल थेट पेशंटला जावा. पण याचा परिणाम असा होतो, की तुमचा होस्टिंग सर्व्हर (साइट ज्या संगणकावर ठेवली आहे तो) जगाला सांगतो, "हा मेल पेशंटच्या याहू खात्यातून आला आहे." घेणारा सर्व्हर याहूला विचारतो, "हा सर्व्हर तुमच्या वतीने मेल पाठवू शकतो का?" याहूने २०१४ पासून डीमार्क धोरण (आपल्या नावाने आलेल्या खोट्या मेलचं काय करायचं याचा नियम) कडक ठेवलं आहे: असे तोतये मेल थेट नाकारा. त्यामुळे याहूवाल्या पेशंटचा फॉर्म स्पॅममध्येही दिसत नाही. जीमेलचा पत्ता असलेल्याचा मेल कधी इनबॉक्समध्ये येतो, कधी स्पॅममध्ये जातो. साइटवाला चाचणी करतो क्लिनिकच्याच डोमेनचा पत्ता टाकून, आणि त्याचा मेल दर वेळी पोचतो. "काहींचे येतात" याचं कोडं असं सुटतं.

दुरुस्ती: प्रेषकाच्या जागी क्लिनिकच्या स्वतःच्या डोमेनचा पत्ता ठेवा आणि पेशंटचा पत्ता "उत्तर येथे पाठवा" या वेगळ्या ओळीत घाला. काँटॅक्ट फॉर्म ७ मध्ये "अतिरिक्त हेडर"चा रकाना त्यासाठीच आहे. ताईची सोय कायम राहते.

यानंतर डोमेनच्या डीएनएस नोंदी (साइट कुठे आहे, मेल कुठे जातो हे जगाला सांगणाऱ्या). प्रेषक क्लिनिकचं डोमेन झालं, पण त्या डोमेनच्या नावाने कोण मेल पाठवू शकतं हे जगाला सांगायला एसपीएफ नोंद लागते, आणि मेल खराच तिथला आहे हे सिद्ध करायला डीकेआयएमची सही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने सगळ्याच पाठवणाऱ्यांसाठी या दोहोंपैकी निदान एक असणं आवश्यक केलं. त्याआधी वर्षानुवर्षं चाललेले कितीतरी साइटचे फॉर्म त्या सुमारास "अचानक" बंद पडले. साइटवर कुणी हातही लावला नव्हता, त्यामुळे कारण साइटवर शोधून सापडत नव्हतं.

एसपीएफबाबत एक चूक वारंवार दिसते. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. आधीच्या एजन्सीने होस्टिंगची एक घातली, नंतरच्याने गुगलची दुसरी घातली, आणि दोन्ही तशाच राहिल्या. घेणारा सर्व्हर अशा वेळी दोन्ही धरत नाही, चूक म्हणून तपासणीच सोडून देतो. दोन्हींतली नावं एका नोंदीत एकत्र करा. तसंच, त्या नोंदीत ज्या सेवांची नावं असतात त्यांच्यापायी होणाऱ्या डीएनएस चौकश्या १० च्या आत राहिल्या पाहिजेत. जुन्या न्यूजलेटर सेवा, बंद केलेलं होस्टिंग, सगळं तिथे साचत जातं. जे वापरात नाही ते काढून टाका.

सगळं बरोबर आहे का हे बघायला पोचलेला एक मेल जीमेलमध्ये उघडा आणि तीन ठिपक्यांच्या मेनूतून मूळ संदेश दाखवायचा पर्याय घ्या. वरच एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क यांचा निकाल लिहिलेला असतो: पास की फेल. यापेक्षा वेगळं साधन बहुधा लागत नाही.

एकही मेल येत नाही, आणि कुठेही चूक दिसत नाही

हा प्रकार बऱ्याच चांगल्या तंत्रज्ञांनाही दिवसभर फिरवतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

क्लिनिकचा मेल गुगल वर्कस्पेसवर (स्वतःच्या डोमेनचे पत्ते देणारी गुगलची सेवा) किंवा तशाच दुसऱ्या सेवेवर असतो आणि साइट सीपॅनेल (होस्टिंग सांभाळायचं पान) असलेल्या साध्या होस्टिंगवर असते. बाहेरून कुणीही मेल पाठवला की तो बरोबर वर्कस्पेसमध्ये येतो. फक्त साइटवरच्या फॉर्मचा मेल येत नाही. एसपीएफ ठीक, प्रेषक ठीक, चौकट हिरवी.

कारण असं. होस्टिंगच्या सर्व्हरला वाटतं, की या डोमेनचे मेल माझ्याकडेच आहेत. त्यामुळे क्लिनिकच्या पत्त्यावरचा मेल बाहेर पाठवायचा असतो हे तो ओळखतच नाही. सर्व्हरवर त्या नावाची पेटी असेल तर तो मेल तिथेच टाकतो, नसेल तर परत करतो. कितीतरी वेळा त्या सर्व्हरवरच्या पेटीत महिनोन् महिन्यांचे फॉर्म नीट रचलेले सापडतात. असं असेल तर हरवलेले पेशंट निदान यादीत परत मिळतात, म्हणून वेबमेल उघडून बघायला विसरू नका.

दुरुस्ती सीपॅनेलमधल्या ईमेल राउटिंगच्या पानावर आहे. तिथे "लोकल" निवडलेलं असतं, ते "रिमोट" करा. "ऑटोमॅटिक" ठेवू नका. ऑटोमॅटिक असलं की होस्टिंग बदलताना किंवा डीएनएसमध्ये फेरफार होताना सर्व्हर स्वतःचा अंदाज बांधतो आणि कधीकधी परत लोकल होतो. "दुरुस्त केलेलं पुन्हा बिघडलं" याचं हे एक नेमकं कारण.

दुरुस्त झालं होतं, पुन्हा बंद पडलं

आता मूळ प्रश्न. मेल थेट सर्व्हरमधून न पाठवता एसएमटीपी (मेल पाठवायची ठरलेली पद्धत) प्लगिनने, खात्यात लॉगिन करून पाठवणं हा योग्य मार्ग आहे, आणि बहुतेक जण शेवटी तिथेच येतात. पण ते लॉगिन कुणाच्या खात्याचं आहे, कुठल्या पद्धतीचं आहे, यावर फॉर्म किती दिवस चालेल हे ठरतं.

साधं जीमेल खातं असेल तर ॲप पासवर्ड लागतो. हा १६ अक्षरांचा वेगळा पासवर्ड असतो आणि खात्यात दोन टप्प्यांची पडताळणी चालू असल्याशिवाय तो निघत नाही. खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की सगळे ॲप पासवर्ड रद्द होतात. रिसेप्शनवरची जुनी मुलगी नोकरी सोडून गेली, डॉक्टरांनी शहाणपणाने पासवर्ड बदलला, आणि त्याच क्षणी फॉर्म मुका झाला. कुणालाही या दोन गोष्टींचा संबंध लागत नाही. म्हणून क्लिनिकमध्ये एक नियम लिहून ठेवा: मेलचा पासवर्ड बदलला की नवा ॲप पासवर्ड काढून साइटवर घालायचा.

दुसरा प्रकार गुगलशी परवानगीने जोडण्याचा. यात पासवर्ड लागत नाही, गुगल क्लाउडमध्ये एक छोटा प्रकल्प करावा लागतो. तो प्रकल्प "चाचणी" अवस्थेतच सोडला तर दिलेली परवानगी ७ दिवसांनी संपते. साइटवाला पुन्हा जोडतो, पुन्हा ७ दिवस. फॉर्म बरोबर आठवड्याने बंद पडत असेल तर बाकी काही न शोधता आधी हे बघा आणि प्रकल्प "प्रकाशित" अवस्थेत न्या.

तिसरा प्रकार मला सर्वात जास्त खटकतो. साइट बनवणारा स्वतःचंच वैयक्तिक जीमेल सगळ्या क्लिनिकच्या साइटवर एसएमटीपीसाठी वापरतो. काम पटकन होतं. पण तो पासवर्ड बदलतो, किंवा हा धंदाच सोडतो, आणि एकाच दिवशी सगळ्या क्लिनिकचे फॉर्म बंद. शिवाय प्रत्येक पेशंटचं नाव, नंबर आणि दुखणं त्याच्या "पाठवलेले" फोल्डरमध्ये साठत असतं. पेशंटने ती माहिती डॉक्टरांना दिली होती. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ आल्यानंतर या गोष्टीकडे दुर्लक्ष करणं परवडणारं नाही, आणि कायदा नसता तरी ते बरोबर नव्हतं.

आणि एक कारण खास दातांच्या दवाखान्यातलं. क्लिनिकच्या फोनवर पेशंटच्या तोंडाचे फोटो काढले जातात: उपचाराआधी, उपचारानंतर, तारा लावताना, कॅप बसवताना. त्या फोनवर क्लिनिकचंच जीमेल खातं असतं आणि फोटोंचा बॅकअप चालू असतो. १ जून २०२१ पासून गुगल फोटोजचे नवे फोटो खात्याच्या १५ जीबीत मोजले जातात, आणि तीच जागा जीमेल आणि ड्राइव्हही वापरतात. जागा भरली की मेल येणं थांबतं. कुणीतरी जुने व्हिडिओ पुसतं, मेल पुन्हा सुरू होतात, काही महिन्यांत फोटोंनी जागा परत भरते. साइटवाला साइटवर शोधत बसतो, साइटचा यात काही दोष नसतो. पेशंटचे फोटो मेलच्या खात्यात ठेवूच नका. त्यांची जागा वेगळी, कुलूपबंद आणि पेशंटच्या संमतीने ठरलेली हवी. फॉर्मसाठीचं खातं फक्त फॉर्मसाठी ठेवा.

डोमेनचे नेमसर्व्हर (डीएनएस नोंदी जिथे ठेवलेल्या असतात ते) बदलणं हेही नेहमीचं कारण. साइट वेगवान करण्यासाठी कुणी ती क्लाउडफ्लेअर या सेवेवर नेतो, किंवा होस्टिंग बदलतो. साइट दिसायला लागते, काम झालं असं वाटतं. पण एमएक्स (मेल कुठे पोचवायचा ते सांगणारी), एसपीएफ, डीकेआयएम या नोंदी जुन्या जागीच राहिलेल्या असतात. नेमसर्व्हर बदलण्याआधी जुन्या डीएनएस पानाचा स्क्रीनशॉट घ्या आणि नव्या जागी ओळ न् ओळ जुळवा.

नोंदही नाही, मेलही नाही: पेशंट फॉर्मवरच अडला

फ्लेमिंगोत नोंदच नसेल तर दोष फॉर्मच्या रचनेत आहे. आपल्याकडे याचं मोठं कारण फोन नंबरचा रकाना.

मराठी कीबोर्डवर टाइप करणारा माणूस नाव लिहून तसाच नंबरही लिहितो, देवनागरी अंकांत. फॉर्मची तपासणी फक्त इंग्रजी अंक ओळखते. "नंबर चुकीचा आहे" असा इंग्रजीतला संदेश येतो. आजोबा पुन्हा पुन्हा तोच बरोबर नंबर लिहितात, फॉर्म पुन्हा पुन्हा नाकारतो, शेवटी ते टॅब बंद करतात. आपल्याला हे कधीच कळत नाही, कारण कुठेच काही उमटलेलं नसतं. रकान्याचा प्रकार "टेलिफोन" ठेवला की मोबाइलवर अंकांचा कीपॅड उघडतो आणि बहुतेकांची अडचण मिटते. तरीही तपासणीआधी देवनागरी अंक इंग्रजीत बदलून घेणारा छोटासा कोड साइटवाल्याकडून घालून घ्या. दहा ओळींचं काम आहे. चुकीचा संदेशही मराठीत लिहा आणि त्यात काय हवं ते सांगा: "१० अंकी मोबाइल नंबर लिहा."

या रकान्याला १० अक्षरांची सक्त मर्यादा घालू नका. फोन आपोआप नंबर भरतो तेव्हा पुढे अधिक ९१ लावतो. मग शेवटचे अंक कापले जातात किंवा फॉर्म अडतो. आलेल्या नोंदींत अर्धवट नंबर दिसत असतील तर कारण हेच.

"दुखऱ्या दाताचा फोटो किंवा एक्स-रे जोडा" असा रकाना बऱ्याच क्लिनिकना हवा असतो. काँटॅक्ट फॉर्म ७ मध्ये वेगळं काही सांगितलं नाही तर जोडलेल्या फाइलची मर्यादा १ एमबी असते. आजच्या फोनचा एक फोटो त्याहून सहज मोठा असतो. मर्यादा वाढवता येते, पण माझं स्पष्ट मत आहे की हा रकाना काढून टाकावा. रात्री अकरा वाजता गाल सुजलेल्या माणसाला फोटोच्या खटपटीत पाडू नये, आणि तोंडाच्या फोटोवरून आपणही काही ठरवत नाही, त्याला बोलावूनच घेतो. नाव, नंबर, कधी फोन केला तर चालेल, आणि काय त्रास आहे याची एक ओळ. एवढं पुरतं. वय, पत्ता, मधुमेह, रक्तदाब हे सगळं केसपेपरवर विचारायचं आहे, वेबसाइटवर नाही.

एवढी काळजी घेऊनही एक पर्यायी दार ठेवा. धन्यवादाच्या संदेशाखाली क्लिनिकचा फोन आणि व्हॉट्सॲपची लिंक द्या. व्हॉट्सॲपच्या लिंकमध्ये नंबर ९१ ने सुरू करावा, आधी अधिक चिन्ह किंवा शून्य नको, मधे जागा किंवा रेघ नको. ताप आहे, सूज वाढतेय, तोंड उघडत नाही किंवा गिळायला त्रास होतोय, तर वाट न बघता फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात जा, हेही तिथेच ठळक लिहा.

साइट बरोबर, पण लोक चुकीच्या दारावर येतात

थोडक्यात गुगल प्रोफाइलबद्दल, म्हणजे गुगलवर क्लिनिकचं नाव शोधल्यावर दिसणाऱ्या माहितीबद्दल. त्यात वेबसाइटची लिंक वेगळी आणि अपॉइंटमेंटची लिंक वेगळी असते. साइट नव्याने बांधली की पहिली बदलली जाते, दुसरी विसरली जाते, आणि पेशंट जुन्या, कुणी न बघणाऱ्या फॉर्मवर जातो. गुगल प्रोफाइलमधून फुकट बनवता येणाऱ्या साइट मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या, आणि त्या पत्त्यावरून प्रोफाइलकडे वळवणंही जून २०२४ मध्ये थांबलं. व्हिजिटिंग कार्डावर, प्रिस्क्रिप्शनच्या पॅडवर किंवा बोर्डवरच्या क्यूआर कोडमध्ये तो जुना पत्ता अजून छापलेला असेल तर बदला. प्रोफाइलचा मालक म्हणून डॉक्टरांचं स्वतःचं खातं असावं, एजन्सी फक्त व्यवस्थापक. एजन्सीच मालक असेल तर गुगलकडून मालकी मागता येते, पण ते भांडण उद्भवण्याआधीच बदलून घेणं केव्हाही बरं.

पुन्हा होऊ नये म्हणून

डोमेन, होस्टिंग, मेल आणि गुगल प्रोफाइल ही चारही खाती डॉक्टरांच्या किंवा क्लिनिकच्या नावावर, क्लिनिकच्याच मोबाइल नंबरवर असू द्या. साइटवाल्याला त्याचा वेगळा प्रवेश द्या. तो बदलला की प्रवेश काढून घ्या, वर्डप्रेसमधलं त्याचं ॲडमिन खातंही. फ्लेमिंगोतल्या नोंदी प्रत्येक ॲडमिनला दिसतात हे ध्यानात ठेवा, आणि ज्यांचं काम झालं त्या नोंदी पुसत जा. वर्षानुवर्षांच्या दुखण्यांची यादी साइटवर साठवून ठेवण्यात काही हशील नाही.

फॉर्मचा मेल दोन ठिकाणी जाऊ द्या: एक क्लिनिकचं खातं, दुसरं वेगळ्या सेवेवरचं. दोन्ही जीमेलचेच पत्ते ठेवले तर जीमेलने एक मेल नाकारला की बहुधा दुसराही नाकारेल.

साइट चालू आहे का हे बघणाऱ्या ज्या सेवा असतात, त्या फक्त पान उघडतं का ते तपासतात. फॉर्म बंद असतानाही त्या "सगळं ठीक" सांगत राहतात. म्हणून चाचणी माणसानेच करायला हवी, आणि ती साइटवाल्याने न करता रिसेप्शनवरच्या ताईने करावी. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, तिच्या स्वतःच्या फोनवरून. फॉर्म भरायचा, फ्लेमिंगोत नोंद बघायची, दोन्ही ठिकाणी मेल आला का बघायचं, आणि मागच्या महिन्यातल्या नोंदी आलेल्या मेलशी ताडून बघायच्या. एखादी नोंद मेलशिवाय सापडली तर त्या पेशंटला त्याच दिवशी फोन करायचा, उशिराबद्दल क्षमा मागून. ऑटोक्लेव्हची (उपकरणं निर्जंतुक करायच्या यंत्राची) नियमित चाचणी जशी वहीत लिहिली जाते, तशी हीसुद्धा त्याच वहीत तारखेसह लिहा. तारखा लिहिलेल्या असल्या की बिघाड कधीपासून आहे ते लगेच कळतं, आणि त्या सुमारास काय बदललं होतं ते आठवणं सोपं जातं: पासवर्ड, होस्टिंग, कर्मचारी, की फोन.

एवढं करूनही सुटलं नाही आणि होस्टिंगवाल्यांकडे जावं लागलं, तर "मेल येत नाही" इतकंच लिहू नका. त्यावर ठरलेलं उत्तर येतं, स्पॅम फोल्डर बघा. चाचणी फॉर्म भरल्याची तारीख आणि मिनिटापर्यंतची वेळ, प्रेषकाचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि चौकटीचा रंग द्या, आणि त्या वेळेच्या मेल लॉगमधली (सर्व्हरने ठेवलेल्या मेलच्या नोंदीतली) या पत्त्याची ओळ मागा. पुढच्या सर्व्हरने मेल स्वीकारला, परत पाठवला की तो तिथेच लोकल पेटीत पडला, हे त्या एका ओळीत लिहिलेलं असतं. ती ओळ हातात आली की साइटवाल्याला नेमकं काय करायचं ते सांगता येतं.